तीन घाव न सोसणारी पिन

लेथवाल्या ताईच्या वर्कशॉपमधून गेल्या अठ्ठावीस वर्षांत एकही वस्तू मार खाल्ल्याशिवाय बाहेर पडलेली नव्हती. बोल्ट असो, बुश असो, नाहीतर कुणाच्या शिलाई मशीनची दांडी असो. ताई ती लेथवर घडवायची आणि तिचा धाकटा भाऊ ती ऐरणीवर ठेवून मोठ्या हातोड्याने तीन घाव घालायचा. वस्तू टिकली की तिच्यावर छोटासा गोल शिक्का बसायचा. वाकली की भंगाराच्या पिंपात. दयेचा अर्ज चालत नसे.

हा नियम मुळात त्यांच्या वडिलांचा. पण भावाने तो असा काही पाळला की गिऱ्हाइकं त्याला पक्का मिस्त्री म्हणू लागली. त्याने बनवलेल्या एका फाटकावर मागे भरलेला टेम्पो आदळला होता. टेम्पोचं नाक फुटलं, फाटकावर ओरखडासुद्धा नाही! ही गोष्ट मिस्त्री वर्षातून किमान चाळीस वेळा सांगायचा, आणि दर वेळी त्याची बायको आतून ओरडायची, "ड्रायव्हरचंही नाक फुटलं होतं, तेही सांगा!"

तर अशा या मिस्त्रीने सहा वर्षांपूर्वी लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रक आणला. सहा चाकांचा, उंच, शेवाळी रंगाचा, आणि चालू केला की आख्ख्या गल्लीच्या खिडक्या थरथरवणारा. रविवार म्हटलं की मिस्त्री त्या ट्रकखाली. घरात त्याचे फक्त पाय ओळखीचे राहिलेत, असं वहिनी म्हणायची. आता ट्रक धडधाकट झाला होता आणि त्याच्या नाकावर एकच गोष्ट बसवायची राहिली होती: विंच. म्हणजे जाड तारदोर गुंडाळलेलं एक लोखंडी रीळ. ते फिरलं की खड्ड्यातली गाडी ओढली जाऊन वर येते.

अग्निशमन केंद्राचे साहेब शब्द देऊन गेले होते. घाटात पडलेल्या गाड्या काढायला त्यांना असं वाहन हवंच होतं. "रविवारी सकाळी येतो. तुमच्या मागच्या तळ्यात तो रस्त्याचा रोलर रुतलाय ना, तो काढून दाखवा. निघाला तर काम तुमचं."

मिस्त्री त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवला.

विंच आली ती गोणपाटात गुंडाळून, तीन तुकड्यांत, सोबत मुखपृष्ठ हरवलेलं एक पुस्तक. मिस्त्रीने तुकडे घेतले, पुस्तक ताईकडे टाकलं. घरात वाटणी तशीच होती. तो हाताने वाचायचा, ती डोळ्यांनी.

चार दिवस काम चाललं. विंच पुढच्या बंपरमागे, चासीला, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याला, जाड लोखंडी चॅनेल जोडून बसवली. तिला वेगळी मोटर नव्हती. ती ट्रकच्या इंजिनाचीच ताकद उसनी घेणार होती, आणि त्यासाठी गिअरबॉक्सच्या कुशीला पीटीओ नावाचा एक दातेरी डबा बसवायचा होता. लिव्हर ओढला की डब्यातलं चाक गिअरबॉक्सच्या चाकात अडकणार, आणि इंजिनाखालून पुढे जाणारा लांब शाफ्ट विंच फिरवणार. सांगायला सोपं. बसवताना मात्र डब्याखालच्या कागदी पॅकिंगने दोघांना रडवलं. एक कागद कमी झाला की चाकं एकमेकांवर घासून रडायची, एक जास्त झाला की खडखडायची. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्यावर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकत बसायचा.

"काय म्हणतोय?" ताई विचारायची.

"म्हणतोय, अजून अर्धा कागद."

"अर्धा कागद नसतो रे बाळ."

"मग पातळ कागद दे. वहीचा दे."

शेवटी वहिनीच्या हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान कामी आलं आणि डबा गप्प झाला.

शनिवारी सकाळी ताईने पुस्तकातलं एकोणिसावं पान उघडून भावासमोर धरलं. शाफ्ट आणि विंच यांच्या जोडावर एक पिन होती, करंगळीएवढी. पुस्तकात लिहिलं होतं: ही पिन मऊ लोखंडाचीच वापरावी. भार झेपेनासा झाला की हिने तुटावं, यासाठीच ती आहे.

मिस्त्रीने ते दोनदा ऐकून घेतलं.

"तुटण्यासाठी बनवायची?"

"हो."

"मुद्दाम?"

"अरे, ती तुटली नाही तर झटका मागे जाईल. शाफ्ट पिळवटेल, नाहीतर गिअरबॉक्स फुटेल. तुझ्या या म्हाताऱ्याचा गिअरबॉक्स आता जगात कुठे मिळणार आहे?"

मिळणार नव्हताच. तसले ट्रक बनणं बंद होऊनही जमाना लोटला होता. गिअरबॉक्स गेला की ट्रक गेला, सहा वर्षं गेली, हे मिस्त्रीला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण साहेबांच्या देखत आपल्या हातची वस्तू तुटल्याचं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि बाकीचं सगळं त्यामागे झाकलं गेलं.

"तू कर तर खरी," तो म्हणाला.

ताईने मऊ सळीची पिन करून दिली. मिस्त्रीने ती नेहमीप्रमाणे ऐरणीवर ठेवली. पहिल्या घावाला ती वाकली, दुसऱ्याला चपटी झाली. तिसरा घालायची त्याने तसदीच घेतली नाही.

"बघितलंस?" पिन पिंपात टाकत तो म्हणाला. "ही माझ्या ट्रकला? लोक काय म्हणतील! जुन्या अ‍ॅक्सलचा तुकडा पडलाय, त्याची कर."

"बाळ, ऐक जरा."

"ताई, नियम म्हणजे नियम."

ताईने अ‍ॅक्सलच्या पोलादाची पिन केली. तिने तीन घाव असे सोसले की हातोडाच उडून मिस्त्रीच्या कपाळाला लागता लागता राहिला. तो खूश. शिक्का मारला, पिन बसवली आणि गुणगुणत आंघोळीला गेला.

ताई लेथपाशी उभी राहिली. लेथ चालूच होता. मऊ सळी अजून हातभर शिल्लक होती. तिने ती पुन्हा लेथच्या जबड्यात, चकमध्ये धरली आणि एकापाठोपाठ एक पिना कापत गेली. सळी संपली तेव्हा बारा झाल्या होत्या. बिनशिक्क्याच्या बारा. त्या तिने चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि डबा लेथखाली सरकवला. अठ्ठावीस वर्षांत तिने भावापासून काही लपवलेलं हे पहिलंच. तिचं तिलाच हसू आलं, मग आलं नाही.

रविवारी सकाळी मिस्त्री डिझेलचे कॅन आणायला गेला. पाच मिनिटांचं काम होतं. ताई ट्रकखाली सरकली, शिक्क्याची पिन ठोकून बाहेर काढली, मऊ पिन घातली आणि कपडे झटकत बाहेर आली. समोर वहिनी चहाचा कप घेऊन उभी.

"काय करताय ताई?"

"ग्रीस बघत होते."

"बरं," वहिनी म्हणाली. तिने ताईच्या एप्रनच्या फुगलेल्या खिशाकडे बघितलं आणि चहा पुढे केला. "मी काही बघितलं नाही."

साहेब वेळेवर आले. सोबत दोन माणसं आणि गल्लीतले निम्मे लोक, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. रोलर तळ्याच्या काठी छातीपर्यंत चिखलात होता. मिस्त्रीने ट्रकच्या चाकांना ठोकळे लावले, तारदोर रोलरला अडकवला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि लिव्हर ओढला.

दोर ताठ झाला. ट्रकचं नाक खाली झुकलं. रोलर हलला! वीतभर पुढे आला आणि चिखलाखालच्या कुठल्याशा दगडाला जाऊन भिडला. इंजिनाचा आवाज घोगरा झाला, चासी कण्हली. ताईने एप्रनच्या खिशातली ती जड पिन मुठीत आवळली.

कट्.

आवाज अगदी किरकोळ होता, सुपारी फोडल्यासारखा. रीळ थांबलं, दोर होता तिथेच ताणलेला राहिला आणि शाफ्ट एकटाच खाली निवांत फिरत बसला. मिस्त्रीने इंजिन बंद केलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "गेलं वाटतं!"

मिस्त्री ट्रकखाली गेला. बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते. ताई वाकून त्याच्या शेजारी सरकली. त्याच्या तळहातावर पिनचा तुकडा होता, काठ कापल्यासारखे गुळगुळीत. त्याने तुकडा फिरवून फिरवून बघितला. शिक्का नव्हता.

"ही माझी नाही," तो हळूच म्हणाला.

"माझी आहे."

त्याने वर बघितलं. गिअरबॉक्सवर हात फिरवला, पीटीओच्या डब्यावर फिरवला, शाफ्ट दोन्ही टोकांना धरून हलवला. सगळं जागच्या जागी होतं. मग तो त्या दगडाच्या दिशेने बघत राहिला. काय झालं असतं ते त्याच्या हातांना कळत होतं. त्यांना पुस्तक लागत नव्हतं.

"दुसरी आहे?" त्याने विचारलं.

"अकरा आहेत."

"अकरा!" मिस्त्रीचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तुझा माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता?"

"तुझ्यावर होता. त्या दगडावर नव्हता."

साहेबांचे बूट ट्रकपाशी येऊन थांबले. "मिस्त्री, काय झालं? तुटलं का काही?"

पक्का मिस्त्री ट्रकखालून बाहेर आला, उठून उभा राहिला, गुडघे झटकले आणि तो तुकडा साहेबांपुढे धरला.

"पिन तुटली, साहेब," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "तुटायलाच बनवलेली असते. भार झेपेनासा झाला की हिने तुटायचं, मग बाकीचं वाचतं. पुस्तकातच आहे. एकोणिसावं पान."

साहेबांनी मान डोलावली. "आमच्या जुन्या गाडीवरची कधी तुटलीच नाही. गिअरबॉक्सच गेला."

"लोकांना कळत नाही, साहेब," मिस्त्री म्हणाला. ताईने तोंडावर पदर धरला.

नवी पिन घातली. या वेळी दोर सरळ न ओढता समोरच्या झाडाला कप्पी बांधून तिच्यावरून फिरवला, म्हणजे रोलर दगडाच्या बाजूने निघेल. तो निघाला, चिखलाचा भला मोठा गोळा अंगावर घेऊन, पाऊण तासाने. साहेबांनी हात मिळवला. मिस्त्रीचा हात काळा होता, साहेबांचाही झाला.

संध्याकाळी चहापत्तीचा डबा ट्रकच्या केबिनमध्ये सीटखाली गेला. दहा पिना होत्या. मिस्त्रीने त्यातली एक उचलून ऐरणीकडे बघितलं, हातोड्याकडे बघितलं आणि पिन परत डब्यात टाकली.

"शिक्का नको का?" ताईने विचारलं.

"राहू दे. आणि ती माझी कुठे आहे?"

ताईने खिशातून पोलादी पिन काढून दिली. वर्कशॉपच्या दाराची कडी महिनाभर मोडलेली होती आणि वहिनी रोज त्यावरून बोलायची. मिस्त्रीने पिन कडीत घातली, दार दोनदा ओढून बघितलं, मग घराकडे तोंड करून ओरडला, "अगं, कडी झाली! आता टेम्पो आदळला तरी तुटायची नाही!"

"टेम्पो लांबच ठेवा," आतून आवाज आला.