निळ्याखालचं निळं

ताई दिवसभर दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या घडवायची आणि घरी आली की इवल्याशा इमारतींना म्हातारं करायची. हौशी लोक आपापली छोटी गोदामं, पेट्रोलपंप, स्टेशनं बांधून तिच्याकडे आणून द्यायचे. सगळी नवीकोरी, चकचकीत. त्यांना ऊन-पाऊस दाखवायचं काम ताईचं. "हिच्या हातात नवी वस्तू टिकत नाही," नवरा आल्यागेल्याला सांगायचा. "मीसुद्धा लग्नात नवाच होतो, आता बघा!"

स्पंजचा तुकडा चिमट्यात धरायचा, तपकिरी रंगात टेकवायचा, कागदावर इतका टिपायचा की रंग जवळजवळ संपावा, आणि मग कडांवर अलगद लावायचा. टवके उडतात ते कडेला. जिथे पाय लागतो, हात लागतो, सामान आपटतं तिथे. दिवा लावलेल्या मोठ्या भिंगाखाली ताईने मान घातली की बाकीचं घर कुठेतरी मागे राहायचं. चहा निवायचा. त्या बोटभर रस्त्यावरून आपणच चाललोय, असं तिला वाटायचं, आणि तिथे कसलाच आवाज नसायचा.

धाकट्या भावाने नवं घर घेतलं, तेव्हा त्याला काय द्यायचं हे तिने लगेच ठरवलं. बाबांचा तलाव.

बाबा गावातल्या पोहण्याच्या तलावाचे राखणदार होते. कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागे त्यांचं बिऱ्हाड होतं. भाऊ चालायच्या आधी पोहायला शिकला, म्हणून त्याचं नाव बेडक्या पडलं. आता तो वायरमन होता, डोक्यावर टक्कल पडलं होतं, तरी घरात बेडक्याच.

ताईने तबकाएवढ्या फळीवर सगळा तलाव उभा केला. पायऱ्या, कठडा, उडी मारायची फळी, पत्र्याच्या सावलीत बाबांची खुर्ची. आत स्वच्छ निळा रंग. शिडीच्या दांड्यांवर आणि काठावर चार-दोन टवके, तेही नावापुरते. पाणी म्हणून काचेसारखा गोठणारा द्रव आणून ठेवला होता, तो शेवटी ओतायचा होता.

रविवारी दुपारी बेडक्या आला. हात पाठीमागे बांधून वाकला आणि बराच वेळ बघत राहिला.

"कसा झालाय?"

"सुंदर. अगदी फोटोत असतो तसा."

"पण?"

"पण-बिण काही नाही."

"बेडक्या, तुझं 'काही नाही' मी लहानपणापासून ओळखून आहे."

त्याने टक्कल खाजवलं. "इतका धड नव्हता गं तो."

ताईला लागलं ते. "बाबा रोज घासायचे. एक डाग राहू द्यायचे नाहीत."

"हो ना. तू होतीस तोवर तसाच होता."

त्यात टोमणा नव्हता. कवळ्यांचं काम शिकायला ती परगावी निघाली, तेव्हा तलाव काठोकाठ भरलेला होता. मग नोकरी, लग्न, संसार. सुट्टीला यायची ती बाबांच्या भाड्याच्या घरी; तलाव बंद झाला, पुढे पाडला, एवढं ऐकून होती. तिकडे तिने कधी पाऊल टाकलं नाही. बेडक्या मात्र बाबा जाईपर्यंत त्यांच्यापाशीच राहिला होता.

तिने स्पंज त्याच्या हातात दिला. "मग तू कर."

भिंतीला गिलावा करावा तसा त्याने स्पंज दाबला. काठाचा पार चिखल झाला.

"अरे, तलाव आहे की म्हशींचं डबकं?" ताई हसली, तोही हसला. ओल्या कुंचल्याने तिने ते पुसून काढलं. "दे इकडे. तू नुसतं सांग, मी करते. अगदी पहिल्यापासून सांग. पहिलं काय गेलं?"

"पाणी."

ताईने त्या द्रवाची बाटली उचलली आणि कपाटात ठेवून दिली.

पाण्यानंतर रंग गेला, तो आधी खोल बाजूला. पोपडे सुटायला लागले. ताईने खालच्या थरासाठी सिमेंटचा करडा रंग काढला, तर बेडक्या म्हणाला, "करडं नाही. निळ्याखाली निळंच होतं. बाबा दरवर्षी रंग द्यायचे ना, दुकानात मिळेल तो निळा. एकावर एक. एका वर्षी तर हिरवा निघाला! बाबा आठवडाभर दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होते."

मग ताईने एकावर एक निळे दिले. प्रत्येक थर वाळला की त्यावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर पुढचा निळा, आणि मग ओल्या कुंचल्याने अलगद घासायचं. पोपडे आपोआप सुटत गेले. एका ठिकाणी शाईसारखा गडद निळा उघडा पडला.

"हा माझा," ताई म्हणाली. "हा दिला त्या वर्षी मी पहिली उडी मारली. तू कडेवर होतास, तुला कुठला आठवतोय."

हे एका रविवारात संपणारं नव्हतं. बेडक्या येत राहिला. कोपऱ्यात कुठली पानं साचायची, कठड्याचा गंज कुठून ओघळायचा, तो सांगायचा आणि ताई भिंगाखाली तसं करत जायची.

"बंद झाल्यावरही बाबा जायचे," एकदा तो म्हणाला. "रोज सकाळी. आत उतरून झाडायचे."

"कोरडा तलाव?"

"कोरडा. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, जागा आहे तोवर झाडायची. मग त्यांचे गुडघे गेले. मग मी उतरायचो, आणि ते वरून बोट दाखवायचे. तिथे राहिलं. डावीकडे. डोळे आहेत की बटणं?"

ताईचा कुंचला थांबला. "खुर्ची सावलीत होती?"

"छे. मी काठावर आणून ठेवायचो. नाहीतर त्यांना तळ कसा दिसणार?"

तिने चाकूच्या पातीने खुर्ची सोडवली आणि खोल बाजूच्या काठावर चिकटवली. पायांखाली गंजाची बारीक वर्तुळं काढली. भिंगातून बघता बघता ती एकेक पायरी उतरून तळाशी गेली. चारी बाजूंना सोललेल्या निळ्या भिंती, पायाखाली मऊ धूळ, वर आभाळाचा चौकोन.

"पाडायच्या वेळी कसा होता?" तिने वर न बघताच विचारलं.

"तिथवर नको जाऊ," बेडक्या म्हणाला. "इथेच थांब."

ती थांबली.

तलाव भावाच्या घरी गेला त्या दिवशी जेवणं झाल्यावर भावजयीने तो आरशाखालच्या फळीवर ठेवला. "इतका छान रंग दिलात, मग खरवडलात कशाला, ताई?" तिने निरागसपणे विचारलं. बहीण-भाऊ एकमेकांकडे बघून हसले, ती बिचारी गोंधळली.

खिडकीजवळच्या आरामखुर्चीत ताईचा डोळा लागला. स्वप्नात तिच्या हातात लांब दांड्याचा झाडू होता. काठावरून कुणीतरी म्हणत होतं, डावीकडे, अगं डावीकडे, आणि ती मुकाट्याने डावीकडे सरकत होती.

बेडक्याने चहा आणला तेव्हा तिला जाग आली. कप हातात घेऊन ती जराशी सावरून बसली.

"तुला ते रोज ओरडायचे?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

"काय काय म्हणायचे, सांग ना," ताई म्हणाली, आणि बेडक्या खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.