साताऱ्याचे श्रोते

साताऱ्याची मैफल झाली आणि श्रोते निशिगंधा वाघचौरेबरोबर पुण्याला आले. आपापल्या खुर्च्या घेऊन आले. एसटीत कंडक्टर म्हणाला, "उभ्याने कोणी येणार असेल तर खाली उतरा." पण उभं कोणीच नव्हतं. मधल्या वाटेत रांगा नीट लागल्या होत्या. मांडीवर शाली घेऊन सगळे तिच्याकडे तोंड करून बसले होते.

निशिगंधा व्हायोलिन वाजवायची आणि कलाव्यवस्थापनात एम.ए. करत होती. शेवटचं वर्ष होतं. सकाळी हॉस्टेलच्या खोलीत तिने प्रबंधाचे कागद काढले, तर श्रोते भिंतीला लागून बसलेले. ती अवघडली.

"तुम्हाला काही हवंय का?"

"छे छे," पहिल्या रांगेतले हिर्लेकर म्हणाले. गृहस्थ वयस्क होते आणि इतरांच्या वतीने बोलायची त्यांना सवय असावी. "तुमचं चालू द्या, बाई."

तिने चालू दिलं. वाचता वाचता एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मागच्या रांगेतून कोणीतरी "वा!" म्हणालं.

ते वर्गातही आले. प्रबंधाच्या मार्गदर्शक पिंगे मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.

"हे सगळे तुझ्याबरोबर आहेत?"

"हो मॅडम."

"मोबाइल बंद ठेवा म्हणावं," मॅडम म्हणाल्या आणि शिकवायला लागल्या. वर्गातली मुलं खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. कोणी तक्रार केली नाही.

निशिगंधाचा प्रबंध लहान गावांतल्या मैफलींना श्रोते का टिकत नाहीत, यावर होता.

रांगा रोज थोड्या पुढे सरकत होत्या. आधी भिंतीशी असलेले हिर्लेकर पलंगाशी आले, मग त्यांचे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागायला लागले. जेवताना ताट कुठे ठेवायचं ते कळेना. रियाजाला बसली की व्हायोलिनचा गज उजवीकडच्या बाईंच्या कानातल्याला अडायचा. त्या मान बाजूला करायच्या, पण तेवढ्याने काय होतंय? पूर्ण गज फिरवणं तिने सोडूनच दिलं. छोटे छोटे सूर, एकेक टीचभर.

आणि तसंही, वाजवताना तिच्या डोक्यात प्रबंधातली वाक्यं जुळत असायची, आणि प्रबंध लिहिताना डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर सूर शोधत असायची. जिथे असायची तिथे ती चोरासारखी असायची.

"एक काहीतरी सोड," पिंगे मॅडम म्हणाल्या. "दोन्ही डगरींवर पाय ठेवतेस, मधे पाणी आहे."

त्याच आठवड्यात व्हायोलिन शिकवणाऱ्या गुरुजींचा फोन आला. त्यांनीही हेच सांगितलं. सोडायची गोष्ट तेवढी वेगळी होती.

त्या संध्याकाळी तिने व्हायोलिन पेटीत घातलं आणि हिर्लेकरांना म्हणाली, "मी वाजवणं बंद करते. मग तर जाल?"

"मग तर बसावंच लागेल," हिर्लेकर म्हणाले.

तोंडी परीक्षेच्या दिवशी ती पेटी घेऊनच गेली, कारण ठेवायला खोलीत जागा उरली नव्हती. परीक्षेच्या खोलीतही नव्हती. बाहेरून आलेले परीक्षक दारात थबकले, मग रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या तिथे बसले. पिंगे मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. निशिगंधा मधोमध उभी. सगळीकडून गुडघे.

"सांगा," परीक्षक म्हणाले, "श्रोते उठून का जातात?"

तिने यावर चार प्रकरणं लिहिली होती. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मला माहीत नाही, सर. माझे उठतच नाहीत." मग तिला रडू आलं आणि ती हिर्लेकरांकडे वळली. "का उठत नाही तुम्ही?"

हिर्लेकरांना वाईट वाटलेलं दिसलं. "बाई, तुम्ही भैरवी कुठे वाजवलीत? बस चुकेल म्हणून मधेच उठलात. भैरवी झाल्याशिवाय माणूस घरी जाणार कसा?"

खोलीत सगळ्यांनी माना हलवल्या. परीक्षकांनीही.

"हे उत्तर लिहिलंयस का प्रबंधात?" पिंगे मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम."

"लिही."

तिने पेटी उघडली. गुडघ्यांच्या मधल्या जागेत जेवढा बसेल तेवढाच गज लावला आणि भैरवी धरली. परीक्षक प्रश्न विचारत राहिले. ती वाजवता वाजवता उत्तरं देत राहिली: कार्यक्रम कुठल्या वारी ठेवावा, शेवटची गाडी किती वाजता असते, गावातल्या बायकांना कोण बोलवायला जातं. बोटं बोटांचं काम करत होती, तोंड तोंडाचं. कुणी कुणापासून लपत नव्हतं. तिचे खांदे खाली आले. ते इतके दिवस वर होते हे तिला आत्ता कळलं.

भैरवी संपली. श्रोते उठले. किती दिवसांनी उठत होते. कोणाचे पाय आखडले होते, कोणी कमरेवर हात ठेवून वाकत होतं. "सुटलो बुवा," असं म्हणून सगळे हसले. आपापल्या खुर्च्या काखेत मारून ते दाराबाहेर पडले. परीक्षकही त्यांच्यातच गेले. पिंगे मॅडम जाताना म्हणाल्या, "निकाल कळवते गं," आणि जिन्यावरून स्वारगेटच्या गाडीच्या गप्पा खाली खाली गेल्या.

खोली रिकामी झाली. निशिगंधाने एक लांब श्वास घेतला. मग व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि किती तरी दिवसांनी पूर्ण गज ओढला. हात कुठेच अडला नाही. तो खिडकीतून बाहेर गेला, आवारावरून, बुचाच्या झाडाच्या शेंड्यावरून पुढे गेला, सूर जराही हलला नाही, आणि गज अजून अर्धाही झाला नव्हता.