त्रेपन्न किलो गटातल्या दोघी

स्वप्नालीला बार धरायला मीच शिकवलं. हे मी लोकांना आपणहून सांगायचे. सुरुवातीला कौतुकानं, आणि पुढं पुढं, तिचं कौतुक चाललं की त्यातला थोडा वाटा आपल्याकडं ओढावा म्हणून.

आमच्या सांगलीच्या व्यायामशाळेनं तासगावच्या एका शाळेत वेटलिफ्टिंगचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. मी तेव्हा अठरा वर्षांची, राज्य स्पर्धेत दोन रौप्यपदकं मिळवलेली. प्रात्यक्षिक संपल्यावर गर्दीतून एक रुंद खांद्यांची मुलगी पुढं आली आणि म्हणाली, "ताई, मी उचलून बघू का?" मूळची माण तालुक्यातली, दहिवडीकडची. वडील ज्योतिबा मेंढरं राखायचे. दहावीनंतर ती तासगावला आत्याकडं राहायला आली होती आणि दोघी बेदाण्याच्या शेडवर कामाला जायच्या. पेट्या उचलून उचलून तिची पाठ तयार झालेली. अंगठा बोटांखाली कसा दाबायचा ते मी तिला दाखवलं. तिनं बार डोक्यावर नेला, धाडकन खाली टाकला आणि मोठ्यानं हसली. आमचे कृष्णात सर माझ्याकडं बघून नुसती मान हलवत राहिले.

महिन्याभरात ती सांगलीला आमच्या वसतिगृहात आली, माझ्याच खोलीत. माझे जुने बूट तिला दिले. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी ती माझ्या वजनगटात आली, त्रेपन्न किलोच्या, आणि तिथून माझं बिनसलं.

खरं सांगायचं तर माझं त्याच्याही आधी बिनसलं होतं. मी बाराव्या वर्षापासून हे करत होते. कोरेगावला आमचा ऊस आहे, माझे वडील, आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरात पहिल्यापासून शिस्त. आबांनीच मला सांगलीला आणून सोडलं. सुरुवातीला मला खूप आवडायचं. पण कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, व्यायामशाळेचं शटर दिसलं की माझी पावलं आपोआप सावकाश पडायला लागली. मी सेट मोजायचे, किती संपले आणि किती उरले. स्पर्धेआधी वजन उतरवायला दोन दिवस पाणी तोडायचं, थुंकत बसायचं, याची किळस यायला लागली. सरांना ताप येऊन सरावाला सुट्टी मिळाली तेव्हा मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली.

तेव्हाच सोडायला हवं होतं. पण तेवढ्यात स्वप्नाली माझ्या बरोबरीला आली. आता सोडलं तर लोक म्हणणार, हंबीररावांची राजेश्वरी त्या मेंढपाळाच्या पोरीला भिऊन पळाली. म्हणून मी थांबले. खेळाची गोडी गेली होती. मला तिथं धरून ठेवलं ते तिच्याबद्दलच्या जळफळाटानं.

तो जळफळाट कसा होता ते सांगते. ती किती चपात्या खाते ते मी मोजायचे. ती माझ्याशेजारी उचलत असली की आरशात तिचे गुडघे बघायचे, थरथरतायत का. तिच्या हाताची कातडी सोलली तर तोंडानं "अगं, हळद लाव" म्हणायचे आणि मनात हिशेब करायचे, की आता चार दिवस तरी ही मागं पडणार. मेसच्या सुलाबाई एकदा तिला म्हणाल्या, "पोरी, तू आलीस की जेवणाला चव येती." मला त्या सात वर्षं वाढत होत्या, असं काही कधी म्हणाल्या नव्हत्या. त्या दिवशी मी ताट तसंच ठेवून उठले.

पण सगळ्यात जास्त मला खुपायचं ते वेगळंच. बार खाली टाकला की ती खूश व्हायची. जमलं तरी, पडलं तरी. पडलं तर "आयला, थोडक्यात ऱ्हायलं की!" म्हणून परत हाताला खडू लावायला पळायची. मी जिंकल्यावरसुद्धा तशी खूश होत नव्हते.

मागच्या हिवाळ्यात राज्य स्पर्धा साताऱ्याला झाली. पहिली येणारी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. सातारा म्हणजे आमच्या घराशेजारी, त्यामुळं आबा भावकीतली माणसं घेऊन पुढच्या रांगेत बसलेले. स्वप्नालीचे वडीलही आले होते, पटका बांधून, आयुष्यात पहिल्यांदा तिचा खेळ बघायला. आत खुर्चीवर बसायला संकोचत होते, म्हणून सारखे बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसत.

एका झटक्यात डोक्यावर न्यायचा स्नॅच आणि आधी खांद्यावर घेऊन मग वर न्यायचा जर्क, दोन्हींची मिळून माझी बेरीज एकशे बहात्तर किलो झाली. माझे प्रयत्न संपले. स्वप्नाली एकशे एकाहत्तरवर होती, आणि तिचा जर्कचा शेवटचा प्रयत्न बाकी होता. तिनं नव्याण्णव किलो मागितले होते. सरावात तिनं ते दोनदा उचललेले. उचलले असते तर सुवर्णपदक तिचं.

तिच्याआधी पुण्याची एक मुलगी होती, तिचे दोन प्रयत्न होते. म्हणून स्वप्नाली निर्धास्तपणे हॉलमागच्या नळावर तोंड धुवायला गेली. पुण्याची मुलगी पहिल्याच प्रयत्नात पडली आणि कोपर धरून खाली बसली. तिनं माघार घेतली. म्हणजे आता थेट स्वप्नालीचं नाव पुकारणार, आणि पुकारल्यापासून एकच मिनिट मिळतं. कृष्णात सर पंचांच्या टेबलाशी अडकले होते. तिथूनच ते ओरडले, "राजू, पळ! स्वप्नालीला आण, नळावर हाय!"

मी निघाले. पळाले नाही, चालत निघाले.

पायऱ्यांवर तिचे वडील बसले होते. मला बघून उठले. म्हणाले, "काय झालं ओ ताईसाहेब? माझ्या पोरीचं आटपलं का?"

"न्हाई मामा, अजून एक हाय," मी म्हणाले. एवढं बोलून पुढं जायचं. पण मी थांबले. तीन प्रयत्न कसे असतात, तीन पांढरे दिवे लागले तर काय, लाल लागले तर काय, सगळं त्यांना नीट, सावकाश सांगितलं. आतून भोंग्यावर तिचं नाव ऐकू येत होतं. ते अगदी लक्ष देऊन ऐकत होते. "बरं झालं सांगितलंसा," ते म्हणाले, "हितं कुणी सांगत न्हाई गड्या."

मग मी नळाकडं वळून हाक मारली. स्वप्नाली ओल्या तोंडानंच पळत सुटली. मी मागोमाग आत गेले. ती मंचावर चढली, खाली वाकली, बारला हात लावला आणि वेळ संपल्याचा आवाज झाला. तिन्ही दिवे लाल.

मला सुवर्णपदक मिळालं. आबांनी पहिल्यांदा सगळ्यांसमोर डोळे पुसले. मी पदक गळ्यात घालून उभी होते आणि मला एवढंच वाटत होतं की आता खाली उतरावं, बूट काढावेत. स्वप्नाली रौप्य घेऊन शेजारी उभी होती. थोडा वेळ रडून झालेली. ती माझ्या कानाशी म्हणाली, "राजूताई, आण्णांना समजावत बसलीस व्हय? त्यांनी सांगितलं मला. लय चांगलं वाटलं त्यांना. जाऊ दे गं, माझीच चूक, कशाला मी बाहेर गेले!"

मी पदकाची फीत सरळ करत राहिले.

सोमवारी ती सरावाला आली, आणि आल्या आल्या सरांना म्हणाली, "नव्याण्णव लावा." उचलले. सगळी व्यायामशाळा टाळ्या वाजवत होती, ती बारला टेकून हसत होती. मी भिंतीशी उभी. पदक माझं होतं, राष्ट्रीय स्पर्धा माझी होती, आणि तरीही तिचा हेवा वाटायचा थांबला नव्हता. उलट वाढला होता. तिच्याकडं जे होतं ते मला कुठल्या स्पर्धेत मिळणार नव्हतं. ते एके काळी माझ्याकडंही होतं, एवढंच आठवत होतं.

त्या आठवड्यात मी कोरेगावला गेले आणि आबांना सांगितलं, की मला सोडायचंय.

ते ओसरीवर बसून पेपर वाचत होते. त्यांना आधी कळलंच नाही. "काय सोडायचंय? वसतिगृह?"

"खेळ, आबा."

"दुखलंय का कुठं?"

"न्हाई. आवडत न्हाई मला आता. लय दिवस झाले."

त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "आवडायचा काय प्रश्न हाय त्यात? मी बावीस वर्षं पहाटे उठलो, ते काय आवडत होतं म्हणून?"

"तुमी बावीस वर्षं केलं आणि निवृत्त झालात. मलाबी निवृत्त करा."

"हरून सोडतात, राजू. जिंकून कोण सोडतं? आता राष्ट्रीयला जायचं आणि आता..." वाक्य तसंच सोडून ते उठून रानात गेले. दिवस मावळला तरी आले नाहीत. आई म्हणाली, "तुझं चुकलं असं मी म्हणत न्हाई. पण त्यांना वेळ लागंल."

आबांनी एक बरोबर ओळखलं होतं: मी जिंकून सोडत होते. मला ते सोयीचंच होतं. आता कुणी म्हणू शकलं नसतं की ती पळाली. मी माघार घेतली तर माझी जागा दुसरी आलेल्या मुलीला मिळणार, म्हणजे स्वप्नालीला. तिला ती मिळेल, मला सुटका मिळेल, आणि वर माझं नाव मोठ्या मनाची म्हणून होईल. परतताना सबंध एसटीत मी हे घोळवत होते. जिवाला बरं वाटत होतं. आणि कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी पुन्हा तिच्या वडिलांसारखंच तिलाही गोड बोलून फसवणार आहे.

खोलीवर ती केस विंचरत बसली होती. मी दार लावलं आणि सांगून टाकलं. सर काय म्हणाले होते, मी कशी चालत गेले, पायऱ्यांवर का थांबले.

ती आधी हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग फणी हातात तशीच राहिली.

"मुद्दाम?"

"व्हय."

"आण्णा गावात सगळ्यांना सांगत्यात," ती म्हणाली, "की सातारला एक चांगली पोरगी भेटली, लय मायाळू, मला सगळं समजावून सांगितलं. परवा फोनवर म्हणाले, तिला एक घोंगडं पाठवतो." तिनं फणी खाली ठेवली. "तुला काय वाटलं असंल ते वाटू दे. माझ्या आण्णांना कशाला वापरलंस?"

मी म्हटलं, मी माघार घेतेय, तू जा.

"उपकार करतीस व्हय?"

"न्हाई. मी तसंबी सोडणारच होते. मला न्हाई आवडत आता."

"मग आधीच का न्हाई सोडलंस?"

"तू होतीस म्हणून."

दुसऱ्या दिवशी तिनं आपली गादी उचलून शेजारच्या खोलीत नेली. मी सरांनाही सगळं सांगितलं. त्यांनी मला खूप बोलून घेतलं, तसं ते आयुष्यात मला कधी बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, "संघटनेला पत्र लिही. कारण लिहू नको. उगाच त्या पोरीच्या जायच्या वेळी गोंधळ नको." मी माघारीचं पत्र लिहिलं.

आता मी कोरेगावहून साताऱ्याला कॉलेजला जाते, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे. आबा माझ्याशी बोलतात, पण खेळाबद्दल नाही. ओसरीवरची माझी पदकं त्यांनी काढली नाहीत आणि पाहुणे विचारतात तेव्हा "आता शिकतीया" एवढंच सांगतात.

राष्ट्रीय स्पर्धा मी कॉलेजच्या कँटीनमध्ये मोबाइलवर पाहिली. स्वप्नालीचा जर्कचा पहिला प्रयत्न पडला. मला बरं वाटलं. हे लपवून काय करू, वाटलंच. दुसरा तिनं उचलला आणि तिसरा, एकशे एक किलोचा, तोही उचलला. चौथी आली. माझा चहा गार होऊन गेला होता. मी तिला मेसेज लिहिला, "जर्कमध्ये मागचा पाय जरा लांब टाक," आणि पुसला. मग नुसतं "छान झालं" लिहिलं आणि पाठवलं.

संध्याकाळपर्यंत तिनं तो वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मला वाईट वाटलं, पण उत्तर मी मागूनही घेऊ शकत नव्हते. घरी आले, आईबरोबर मेथी निवडली, जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आठला जाग आली तेव्हा अंगात कुठंही काहीही दुखत नव्हतं.