पावती क्रमांक दोनशे बारा

साहेब, तुम्ही आमच्या दुधीवर हप्ता लावलात. बँकेच्या कागदावर दुधी हा शब्द नाही, मला माहीत आहे. तिथे ‘अघोषित पूरक व्यवसाय’ असं लिहिलंय. मी तो कागद चार वेळा वाचला आणि चारही वेळा मला त्यात आमचा दुधीच दिसला. तुम्ही खुर्चीतून उठून आमचे चार जिने चढला असता, तर तुम्हालाही दिसला असता. तुम्ही माणूस पाठवलात. सही मात्र तुमची आहे, म्हणून सांगतोय ते तुम्हाला. आणि पहिल्यापासून सांगतोय, कारण तुमच्या पत्रात गोष्ट शेवटाकडून सुरू होते.

मी बुकबायंडर. घराच्या पुढच्या खोलीत माझं काम, मागच्या खोलीत आम्ही चौघं: मी, बायको, माझी आई आणि नऊ वर्षांची मुलगी. पुढच्या खोलीची अर्धी जागा कटिंग मशीनने खाल्लीय. पाचशे पानांचा गठ्ठा एका दाबात कापतं. तीन वर्षांपूर्वी ते तुमच्या कर्जावर घेतलं, तेव्हा शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांची रजिस्टरं माझ्याकडे बांधायला यायची. मशीन आलं आणि वर्षाच्या आत कचेऱ्यांनी कॉम्प्युटर घेतले. आता येतात ती विद्यार्थ्यांची प्रबंधांची बाडं, आणि तीसुद्धा परीक्षेच्या महिन्यात.

तुम्ही हप्ता अर्धा करून दिलात. उपकार झाले. अट अशी, की घरात दुसरं उत्पन्न सुरू झालं तर सवलत रद्द, आणि पूर्ण हप्ता भरता आला नाही तर मशीन तुमचं. मी वाचून सही केली. इथवर तुमचं काही चुकलं नाही.

त्याच संध्याकाळी बायकोने घरात आणीबाणी लावली. बस बंद, चालायचं. लाँड्री बंद, इस्त्री गादीखाली. केस कापायला दुकानात जायचं नाही. तिने माझ्या कागद कापायच्या कात्रीने माझे केस कापले, तेव्हा आई म्हणाली, “अगं, पुठ्ठा कापतेस की नवरा? कडा तरी सरळ ठेव.”

“राहू दे हो आई. यांना कुठे लग्न करायचंय आता?”

मग तिची नजर गॅलरीवर गेली. आमची गॅलरी अकरा फूट लांब आणि तीन फूट रुंद. तिथे माझ्या खळीचे रिकामे डबे रचलेले होते. तिने त्यांच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली. मोडक्या कपाटाचे खण काढले, दांडा तुटलेला कुकर घेतला, माझी शाळेतली पत्र्याची पेटी घेतली. समोरच्या बांधकामावरच्या मुकादमाला विचारून माती आणली, मुलीच्या जुन्या दप्तरातून, अठरा खेपा. बियाणं स्वयंपाकघरातलंच: पिकून फुटलेला टोमॅटो, वाळलेली मिरची, लाटण्याखाली भरडलेले धणे. दुधीच्या सहा बिया खालच्या मजल्यावरच्या आजींनी दिल्या.

मी आपला दारात उभा राहून शहाणपणा करत होतो. “कुकरमध्ये काय उगवणार आहे? हप्ता?”

“उगवला तर पहिला तोडा तुम्हालाच,” ती म्हणाली. “तोवर ती बादली इकडे द्या. तांदूळ धुतलेलं पाणी आहे, सांडू नका.”

उगवलं, साहेब. तिसऱ्या महिन्यात गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. दुधीचा वेल कपडे वाळवायच्या तारेवर चढला आणि माझा एकुलता एक चांगला शर्ट दोन आठवडे त्याच्या विळख्यात होता. बायको सोडवू देईना. म्हणे फूल आलंय, थांबा.

आता तुमच्या कामाची गोष्ट. भाजी घरची झाली, तरी महिनाअखेर हातात काहीच दिसेना. बायकोने मला समोर बसवलं.

“भाजीचे पैसे वाचले. कुठे गेले?”

“वाचले ना. मग झालं.”

“वाचले म्हणजे तुमच्या खिशात राहिले. तुमच्या खिशातले पैसे कुठे जातात, ते चहावाल्याला ठाऊक आहे. उद्यापासून भाजी विकत घ्यायची. माझ्याकडून. बाजारभावाने.”

अशी आमच्या घरात मंडई सुरू झाली. रोज सकाळी मी पिशवी घेऊन पुढच्या खोलीतून निघायचो आणि नऊ पावलं चालून गॅलरीच्या दाराशी पोचायचो. उंबऱ्यापलीकडे बायको स्टुलावर बसलेली, शेजारी मुलगी पावत्या फाडायला.

“ओ बाई, दुधी कसा दिला?”

“वीस.”

“काल तर पंधराला दिलात!”

“काल तुम्ही भांडी घासली होती.”

“ताजा आहे का पण?”

“अजून वेलाला आहे, गिऱ्हाईक. घ्यायचा तर घ्या, मागे रांग आहे.”

रांगेत आई. ती मिरच्या घ्यायची आणि वर मूठभर कोथिंबीर फुकट मागायची. नाही दिली तर म्हणायची, “राहू दे. समोरच्या दुकानात जाते.” समोरचं दुकान म्हणजे बाथरूम. मुलगी हसून हसून स्टुलाला धरायची. एकदा मी उधारी मागितली, तर तिने मला पाटी दाखवली. पाटी आधीच लिहून ठेवलेली होती.

माझे ते पैसे एका डब्यात पडायचे आणि महिन्याच्या शेवटी तो डबा तुमच्या काउंटरवर रिकामा व्हायचा. अर्ध्या हप्त्याच्या वर, आमच्या मर्जीने. आठ महिन्यांत त्यातून तुमचा एक आख्खा हप्ता जास्तीचा फिटला. घेताना तुमच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं नाही, की ही चिल्लर कुठल्या धंद्याची.

यात गाढवपणा झाला तो माझा एकट्याचा. कबूल करतो. बायकोने हिशेबाला एक साधी वही मागितली होती. साधी वही. पण बायंडरकडे वही मागितली आणि रजिस्टरांचं काम तर बंद. हात शिवशिवत होते. मी तिला तीनशे पानांचं रजिस्टर बांधून दिलं. लाल कापडी पाठ, कोपऱ्यांना चामडं, वर सोनेरी अक्षरांत ‘भाजी विक्री’. त्याच्याखाली ‘खंड पहिला’. उरलेल्या कागदाची पावतीपुस्तकं केली, क्रमांक घालून, फाडायला छिद्रांची रेघ मारून. इतकं देखणं काम मी कुठल्या कचेरीलाही दिलेलं नव्हतं. बायको म्हणाली, “एवढ्या थाटाचं रजिस्टर बघून टोमॅटो लाजतील.”

टोमॅटो नाही लाजले. तुमचा तपासनीस भुलला.

चांगला पोरगा आहे, त्याला बोल लावत नाही. चार जिने चढून आला तर घामाने निथळत होता. त्याने मशीन बघितलं, कामाची ऑर्डरवही बघितली, रिकामी होती तशी दाखवली. मग पाणी प्यायला आत आला आणि गॅलरीच्या दारात थबकला. “अरे वा,” म्हणाला. दोनदा म्हणाला. बायकोने त्या दिवशीचा सगळ्यात मोठा दुधी तोडून त्याच्या हातात ठेवला.

तो चटका बसल्यासारखा मागे सरला. “नाही नाही वहिनी, भेट घेता येत नाही. बँकेचा नियम आहे.”

“अहो, भेट कसली? घरचा दुधी आहे.”

“नियम म्हणजे नियम. पैसे देतो, मग घेतो.”

“मग पंचवीस,” बायको हसत म्हणाली. “बँकेच्या माणसाला सूट नाही.”

त्याने पंचवीस मोजून दिले. आणि आमच्या बाईसाहेब, वय वर्षं नऊ, स्टुलावर चढून बसल्या. “काका, थांबा. पावती घेतल्याशिवाय जायचं नसतं.” पावती क्रमांक दोनशे बारा. ती त्याने खिशात ठेवली आणि जाता जाता रजिस्टरचं कौतुक करून त्याचा फोटो काढला. मी काय केलं असेल? मी रजिस्टर उजेडात धरलं, सोनेरी अक्षरं नीट यावीत म्हणून.

पंधरा दिवसांनी तुमचं पत्र आलं. सोबत दोन पुरावे जोडलेले: रजिस्टरचा फोटो आणि पावती क्रमांक दोनशे बारा. सवलत रद्द. या महिन्यापासून पूर्ण हप्ता. न भरल्यास तीस तारखेला मशीन उचलणार.

मी तुमच्या कचेरीत आलो. तुम्ही मीटिंगमध्ये होतात. तीन तास. कारकुनाने माझी फाइल उघडली.

“पावतीपुस्तक आहे?”

“आहे.”

“विक्रीचं रजिस्टर आहे?”

“आहे, पण गिऱ्हाईक मीच आहे.”

“गिऱ्हाईक कोणीही असू दे. विक्री झाली ना?”

“अहो, नवऱ्याने बायकोला भाजीचे पैसे दिले, हे उत्पन्न कसं झालं?”

कारकुनाने चष्मा काढला. “आमच्या घरी तो खर्च असतो,” म्हणाला. “तुमच्या घरी उत्पन्न असेल तर नशीबवान आहात.” मग आवाज खाली करून त्याने वाट सुचवली. “लिहून द्या की व्यवसाय बंद केला. सवलत परत मिळते.”

“आणि मागचे आठ महिने?”

“ते... ते चालू होता असं धरून फरक लागेल.”

घरी येऊन सांगितलं. बायको भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली. “म्हणजे बंद केला असं लिहायचं, की आपोआप चालू होता असं ठरतं. छान. आणि बंद करायचं म्हणजे काय करू? वेलाला सांगू, की बाबा रे, साहेबांचं पत्र आलंय, आता लागू नकोस?”

आई म्हणाली, “मी साक्ष देते. मला त्या दुकानात कधी कोथिंबीर फुकट मिळाली नाही, एवढं खरं आहे.”

सगळे हसले. मुलगी हसली नाही. पावतीपुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. “बाबा, मी काकांना पावती दिली म्हणून मशीन जाणार?”

साहेब, मी तुमच्याशी वरच्या आवाजात बोलतोय तो त्या प्रश्नामुळे. अर्ध्या हप्त्यासाठी मी कुणाच्या अंगावर जात नाही. मी तिला म्हटलं, तुझ्यामुळे नाही, तुझ्या बापाच्या सोनेरी अक्षरांमुळे. तिला पटलं नाही. त्या दिवसापासून ती स्टुलावर बसत नाही. मी पिशवी घेऊन नऊ पावलं चालत जातो, भाजी घेतो, आणि पावती कोणी फाडत नाही. डब्यात पैसे मात्र पडतात. या महिन्याचे सोबत पाठवलेत. हेही उत्पन्न समजायचं असेल तर तसं कळवा, पुढच्या महिन्यापासून तुमच्याकडे चिल्लर येणार नाही.

हे सगळं मी लिहून काढलं आणि बांधलं. लाल कापडी पाठ, कोपऱ्यांना चामडं. हेच बांधीव काम आता तुमच्या टेबलावर आहे, त्यामुळे मीटिंगमध्ये आहात म्हणून ते परत जाणार नाही, जड आहे. मागे सगळ्या पावत्यांच्या स्थळप्रती चिकटवल्यात. एकशे चौसष्ट माझ्या नावाच्या. सत्तेचाळीस माझ्या आईच्या, मिरच्यांच्या. परक्या माणसाच्या नावाची एकच, आणि तो माणूस तुमचा आहे. आठ महिन्यांत आमच्या धंद्याला बाहेरचं एकच गिऱ्हाईक मिळालं, तेही तुमच्या नियमाने भेट घेता येत नाही म्हणून. त्याचे पंचवीस पाकिटात घातलेत. दुधीही परत मागितला असता, पण तो त्याने खाल्ला. कसा निघाला तेवढंही कळवलं नाही.

आता तुम्ही सांगा. माझ्या खिशातले पैसे नऊ पावलं चालून माझ्याच घरातल्या डब्यात पडले आणि तिथून तुमच्या काउंटरवर आले. यात उत्पन्न कुणाचं झालं? दोन ओळींत, तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने, तीस तारखेच्या आत. पत्त्यावर माझ्या मुलीचं नाव घाला, ती वाचते.

पोच पाठवू नका. पावत्या आमच्याकडे पुष्कळ आहेत. उत्तर पाहिजे.