बिनशिट्टीचा कुकर आणि लाल तेरडा

मी एक जुना कुकर आहे. मित्रांनो, मला शिट्टी नाही. ती स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या मागे पडली आहे, पण तिथे कुणी बघत नाही.

कारखान्यात एक चकती दाबून मला घडवलं. तेव्हापासून दाब हाच माझा विषय. एका घड्याळजींच्या घरी मी वर्षानुवर्षं बटाटे उकडले. "आमचा कुकर कधी दगा देत नाही," असं त्यांची बायको पाहुण्यांना कौतुकाने सांगायची. एकदा ती हे सांगत असतानाच माझा वॉल्व्ह शिट्टीसकट उडाला आणि छताला बटाट्यांचा गिलावा झाला.

"छताचं काम काढायचंच होतं," घड्याळजी म्हणाले.

मग माझ्या बुडाला तीन भोकं पाडून मला गॅलरीत बसवलं. जन्मभर वाफ कोंडून धरली; आता पाणी निघून जाऊ देणं हे माझं काम झालं. माझ्यात माती भरली आणि लाल तेरडा लावला. असा लाल, की समोरच्या घरातले लोक पडदा सारून बघत. घड्याळजींच्या बायकोने ते बी आपल्या आईकडून आणलं होतं. दरवर्षी बी धरायचं, काडेपेटीत ठेवायचं, पुन्हा पेरायचं. "आईची एवढीच वस्तू माझ्याकडे आहे," ती म्हणायची, "आणि ती दरवर्षी नवी असते."

यंदा लेकीच्या बाळंतपणासाठी ती परगावी निघाली, तेव्हा तेरडा ऐन फुलात होता. काडेपेटी रिकामी होती.

"अहो, तेरडा सांभाळा. बाकी घर वाहून गेलं तरी चालेल."

"आणि मी?"

"तुम्ही बाकी घरात आलात."

घड्याळजींनी मनावर घेतलं. पण काही आठवड्यांनी फुलं गळाली, पानं पिवळी पडली आणि देठांवर हिरवट गाठी फुगल्या. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. "रोग आहे," ते मला म्हणाले. दुसरं कुणी नव्हतंच. मग चिमटा आणून त्यांनी शस्त्रक्रिया सुरू केली.

पहिली गाठ धरली मात्र, फट्! भिंग उडालं. मी ओरडणार होतो, पण शिट्टी पंख्यामागे. फुगलेल्या वस्तूला हात लावू नये, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी मात्र एकही गाठ सोडली नाही.

झाड वाळतच गेलं. रविवारी बायकोचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा त्यांनी वाळक्या काड्यांना दोरीवरचे लाल चिमटे लावले आणि फोन लांब धरला.

"बघ, कसा फुललाय!"

"फुललाय खरा. पण त्यातल्या एका फुलाला तुमचा बनियन लटकतोय."

घड्याळजी खाली बसले. "मी मारला गं तुझा तेरडा."

"अहो, तो एका वर्षाचाच असतो. फुलतो, बी देतो आणि जातो. बोंडं धरली ना?"

"कसली बोंडं?"

त्यांनी गाठींची हकीकत सांगितली. पलीकडे रडणाऱ्या नातीला तिने खांद्यावर घेतलं. मग ती हळूच म्हणाली, "त्या गाठीत आई होती माझी."

फोन ठेवून घड्याळजींनी पुन्हा भिंग लावलं. रांगत रांगत फरशीच्या फटी, जाळी, पायपुसणं, सगळं धुंडाळलं आणि गाठी फुटून उडालेलं मोहरीएवढं एकेक बी चिमट्याने उचलून काडेपेटीत टाकलं. नात रांगायला लागायच्या आधी आजोबा रांगले.

ती परत आली आणि पेरणी झाली. आज मी लाल आहे. शेजारची कुंडीही लाल आहे. कोपऱ्यात पडलेल्या घड्याळजींच्या जुन्या बुटातही एक तेरडा उगवला आहे. तो उपटायचा नाही, असा घरात हुकूम आहे. ते चपला घालून फिरतात.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं लोक म्हणतात. ते फक्त फुलाकडे बघून म्हणत असावेत. मित्रांनो, वाळलेलं झाड फेकण्याआधी त्याच्या बोंडाखाली एकदा ओंजळ धरा. आणि जमल्यास कुणीतरी पंख्यामागेही बघा.