ब्रदर लायलचा तंबू आणि व्हर्नाचे पाय

आयोवातल्या आमच्या काउंटीच्या जत्रेत यंदा बक्षिसाच्या डुकरांपुढे शुकशुकाट आणि ब्रदर लायलच्या तंबूपुढे ही भलीमोठी रांग. बायांच्या पायांवरची तांबड्या शिरांची जाळी त्याने मलम चोळलं की मिनिटात गायब व्हायची.

"भगिनींनो, शिरा म्हणजे साठवलेला राग," ब्रदर सांगे. "डॉक्टरचे घट्ट मोजे फेका. माझे लोकरीचे मोजे इथेच चढवा आणि जत्रा उठेपर्यंत पायाकडे बघू नका. शंका घेतली की शिरा परत येतात."

जत्रा उठली की ब्रदरही उठणार, हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं.

माझी नणंद व्हर्ना जन्मभर हॉटेलात उभ्याने कॉफी ओततेय. तिचा डावा पाय रोज संध्याकाळी सुजतो. मी दवाखान्यात नर्स. मोठ्या मिनतवारीने तिला डॉक्टरांची वेळ घ्यायला लावली होती. ती तिने खुशाल रद्द केली. माझं डोकंच फिरलं.

"वहिनी, तू स्वतःच बघ," म्हणत तिने मला तंबूत ओढलं. आत सगळा लाल उजेड. ब्रदर त्याला करुणेचा प्रकाश म्हणे. व्हर्नाने मोजा उतरवला, तर पायावर खरंच एक रेघ नव्हती. मी क्षणभर चाट पडले, मग मला हसू फुटलं.

"व्हर्ना, तुझ्या खुराड्यात लाल बल्ब कशाला लावलायस गं?"

"कोंबड्यांना एकमेकींचं रक्त दिसू नये म्हणून. दिसलं की टोचून जीव घेतात मेल्या. लाल उजेडात लाल काही..." ती थांबली.

रांगेतल्या निम्म्या बायांच्या घरी कोंबड्या होत्या. त्या माना वर करून त्या लाल उजेडाकडे बघू लागल्या.

"शंका नको, भगिनी," ब्रदर घाईने म्हणाला.

मी तंबूचा पडदा वर केला. ऊन आत आलं आणि सगळ्या शिरा जागच्या जागी.

"म्हणजे पैसे मोजून कोंबडी झाले मी," व्हर्ना म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात ती डॉक्टरांसमोर बसली. अशा शिरा आईबापांकडून येतात, बाळंतपणाने, वयाने, तासन्‌तास उभं राहून येतात. बारीक असतील तर सुईने औषध घालून मिटवता येतात. पण हिच्या सुजेचं कारण आत होतं. तपासणीत मोठ्या शिरेची झडप निकामी निघाली. ब्रदरचं ऐकलं असतं तर पुढे त्या पायाला जखम होऊन बसण्याची भीती होती.

तेव्हा बायांनो, पाय उजेडात बघा आणि डॉक्टरला दाखवा. आणि जो म्हणतो बघू नका, त्याच्याकडे आधी नीट बघा.