अंगावर चोख बसणारा सदरा

माझ्या धाकट्या भावाला जेवायला बोलवा, तो पोट भरलंय म्हणणार. कशानं भरलं, तर चहा-बिस्किटांनी. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी चहा-बिस्किट, सून फारच मागे लागली तर रात्री चार घास भात. वर ऐटीत मलाच विचारणार, या वयात आणखी काय लागतं माणसाला? आणि घरचेही असे शहाणे की मामंजी किती मोजकं जेवतात, म्हणून सून शेजारीपाजारी कौतुक सांगत फिरायची. तुमच्याही घरी असलं कौतुक चालत असेल, तर पुढचं जरा लक्ष देऊन वाचा.

भाऊ शिंपी. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, खिडकीशी पायमशीन, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल. तिथं पाऊल टाकलं की नव्या कापडाचा आणि इस्त्रीच्या वाफेचा वास येतो, आणि मला माझी भावजय आठवते. काय बाई होती! नवरा कामात बुडाला की ही ताटं घेऊन यायची, मशीनच्या चाकावरचा पट्टा उतरवायची आणि तो मुठीत धरून समोर बसायची. ताट रिकामं झालं की पट्टा परत. डाळ, अंडं, पालेभाजी, लिंबाची फोड, सगळं त्याच टेबलावर, कातरणं बाजूला सारून. दोघं भांडत-हसत जेवायची. मी गेले की न विचारता तिसरं ताट यायचं. तिथं गोड लागलेला घास मला पुन्हा कुठे लागला नाही.

ती गेली, आणि पट्टा उतरवणारं कुणी उरलं नाही.

यंदा मी राहायला गेले तर भावाच्या उजव्या अंगठ्याला पट्टी. कात्रीला धार लावताना पातं लागलं होतं, आणि कितीतरी आठवडे झाले तरी जखम भरत नव्हती. अंगठ्याशिवाय कात्री धरायची कशी? गिऱ्हाइकं परत जात होती. मुलगा दुकान बंद करायचं बोलू लागला, तेव्हा भाऊ नुसता मशीन पुसत बसला. कापड सुटलं असतं तर तो उरला नसता, हे मला दिसत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वजन उतरलंय का? मुलगा म्हणाला, छे, कपडे तर अंगावर चोख बसतात. मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना मी त्याचा सदरा उलटा केला. शिवणीच्या आत शिवण, तिच्याही आत आणखी एक. दोन्ही कुशींना कापड दुमडून आत घेतलेलं. दुसरा सदरा तसाच, विजारीची कंबरही तशीच. ढगळ कपडा अंगावर वागवणं त्या शिंप्याच्या रक्तातच नाही. अंग आटत गेलं तसा तो कपडा आत घेत गेला, आणि आम्ही बाहेरून बघून म्हणत राहिलो, मास्तर आहेत तसेच आहेत.

सदरा नेऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सगळं नीट सांगितलं. भातानं, बिस्किटानं चालण्याफिरण्याची ताकद येते, पण नवं मांस आणि कातडी घडवायला प्रथिनं लागतात. ती डाळीत, अंड्यात, दुधात, माशात असतात. वरून मिळाली नाहीत तर शरीर स्वतःच्याच दंडा-मांड्यांचं मांस मोडून खातं. जखम सांधायला लिंबा-संत्र्यातलं जीवनसत्त्व हवं, रक्ताला लोह हवं, आणि थोडं तेलही पोटात जायला हवं. म्हातारपणी भूक कमी होते, शरीराची गरज तेवढी कमी होत नाही.

भाऊ मान डोलावत होता, म्हणजे डोक्यात काही शिरलं नव्हतं. घरी आल्यावर मी त्याला मशीनपाशीच गाठलं.

"रिळावर दोरा नसला आणि नुसता पाय मारत बसलास, तर शिवण पडेल का रे?"

"कशी पडेल?"

"मग? चहा-बिस्किट म्हणजे नुसता पाय. दोरा कुठाय? म्हणून तुझं अंग दंडाची शिवण उसवून अंगठ्याला टाके घालतंय."

तो हसला. "आणि लिंबू म्हणजे काय, बटण?"

"कर चेष्टा. बटण एवढंसंच असतं, पण त्याच्यावाचून कोट उघडा राहतो."

मग त्यानं मशीनवरचं रीळ काढून हातात घेतलं. खाली बघत म्हणाला, "ताई, चहा उभ्यानं पिता येतो. ताट घेतलं की बसावं लागतं. समोर कुणी नसतं."

सून दारात उभी होती. तिनं टेबलावरची कातरणं गोळा केली, ताटं आणली आणि स्वतःचं ताट त्याच्या समोर मांडून बसली. रोज ती स्वयंपाकघरात एकटी जेवायची. मुलगाही स्टूल ओढून आला.

मंडळी, म्हातारं माणूस कमी जेवतं याचं कौतुक करू नका. त्याच्या ताटात काय नाही ते बघा, आणि ताटासमोर कोण नाही तेही बघा. आमच्याकडे हळूहळू अंगठा भरला, कात्री पुन्हा हातात आली, दुकान चालू राहिलं. पण त्या पहिल्या दुपारी भाऊ घास हातात धरून नुसता बसला होता. सुनेचे डोळे भरून आले. मला ते जमत नाही.

"हे बघ," मी म्हटलं, "तुझ्या बायकोनं जन्मभर वाढून हा देह उभा केला, आणि तू तो चहात बुडवून संपवायला निघालास. लोक याला दुःख म्हणतील. मी उधळपट्टी म्हणते. जेव आता."